मागच्या सीटचं उत्खनन

निघालो तेव्हा अकरम खानुमनं
गाडीमागे भांडंभर पाणी ओतलं,
जाणारा सुखरूप परत यावा म्हणून ओततात तसं.
ते ओघळत गटारापर्यंत पोचायच्या आत
बेहरादनं विचारलं, आलं का?

तेहरान ते शिराज. नऊशेच्या वर किलोमीटर.
नवरोजची सुट्टी, अर्धा देश रस्त्यावर,
दोन रस्त्यांमधल्या हातभर गवतावरसुद्धा
सतरंज्या, समोवर, तोंडावर टोपी घेऊन झोपलेले काका.
गाडी मी चालवत होते.
फरामर्जचा हात प्लास्टरमध्ये,
म्हणून त्याच्याकडे नकाशा, थर्मास
आणि इतिहास.

"ही सराई बघा. इथे उंटांचे तांडे मुक्कामाला असायचे."
परस्तूला उंट हवा होता. आत्ता. जिवंत.
सराईत एक मांजर होतं.
दीड तास आम्ही तेच पाहिलं.

काशानच्या बागेत दोघं एका बुटावरून भांडली,
बूट पडला पाण्यात
आणि निळ्या फरशीच्या पाटातून
निघाला डुलत, शहाच्या थाटात.
त्या बागेबद्दल आमच्या घरात एवढंच शिल्लक आहे.

इस्फहानला पूल होता, नदी नव्हती.
कमानींखाली भेगाळलेली माती,
आणि त्या मातीत फुटबॉल खेळणारी पोरं.
"पाणी कुणी नेलं?"
फरामर्जकडे चारशे वर्षांपूर्वीची उत्तरं होती,
यंदाचं नव्हतं.
त्यानं गप्प बसून गझचा डबा उघडला,
चिकट, पिठात घोळलेली मिठाई,
पुढचे दोनशे किलोमीटर कुणाचंच तोंड उघडलं नाही.
मला वाटलं, हेच खरं सुवर्णयुग.

मग तख्त-ए-जमशीद.
त्या बुटक्या पायऱ्या, लहान मुलांसाठीच केल्यासारख्या,
आणि बाजूच्या दगडात रांग:
कुणाकडे मेंढा, कुणाकडे कापड, कुणाच्या हातात वाडगे,
राजाला द्यायला आणलेलं, अजून हातातच.
"यांचा नंबर कधी लागणार?" परस्तू म्हणाली.
आणि तेवढ्यात बेहरादचा हंबरडा:
दात!

कोमपासून हलत होता. आता जागेवर नुसती फट.
आम्ही गुडघ्यांवर बसलो.
तब्रीझचं एक अख्खं कुटुंब आमच्यासोबत वाकलं,
पहारेकरी आला, त्यानं भर उन्हात टॉर्च लावला
आणि अगदी सरकारी आवाजात विचारलं,
वरचा की खालचा?
खालचा, मी म्हटलं.
तो पुन्हा शोधू लागला.
भिंतीवरची माणसं तेवढी ताठ उभी,
बाकी सगळे आम्ही जमिनीला नाक लावून.
दात काही सापडला नाही.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी गाडी झाडायला काढली.
वरच्या थरात संत्र्याची सालं, म्हणजे शिराज.
त्याखाली चुरगळलेली तिकिटं, सूर्यफुलाची टरफलं,
एक मोजा, वाळून कडक झालेला, काशानचा.
तळाशी वाळू. कुठली, ते सांगता येणार नाही.
आणि सीटच्या फटीत
अर्धवट चावलेला गझचा तुकडा,
त्यात रुतलेला, तांदळाएवढा,
खालचा.

म्हणजे तो इस्फहान सोडलं तेव्हाच गेला होता.
जिभेला कळलं दुसऱ्या दिवशी, पायऱ्यांवर.

पण तोवर बेहरादनं सगळ्या वर्गाला सांगून टाकलं होतं
की राजांच्या जिन्यात त्याचा दात आहे.
बाईंनी त्याला नकाशापुढे उभं केलं होतं.
त्यानं चित्रही काढलं: तीच रांग, मेंढा, कापड, वाडगे,
सगळ्यात शेवटी एक छोटा माणूस,
दोन्ही हातांवर दात तोलून धरलेला.

मी तो धुतला, शिवणाच्या डब्यात
बटणांखाली ठेवला.
फरामर्जला बोलले नाही.
तो इतिहासाचा माणूस, लगेच दुरुस्ती करेल.

वाळू मात्र सगळी निघाली नाही.
वळण जोरात घेतलं की
सीटखाली अजून सरकते.